गॅरेजवाल्यानं पैसे घेऊन काम नीट केलं नाही? सोलापुरात ग्राहक आयोगात तक्रार कशी करायची, पहिल्यापासून

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतोय आणि या एका वाक्याच्या जोरावर कित्येक गॅरेजवाले निवांत बसलेत. तीस-चाळीस हजाराचं बिल भरायचं, पंधरा दिवसात गाडीचं परत तेच, परत नेली की "साहेब हा वेगळाच प्रॉब्लेम निघालाय, खोलावं लागंल" आणि परत नवीन बिल. माणूस दोनदा तावातावानं भांडतो, चार जणांना सांगतो आणि मग सोडून देतो, कारण डोक्यात हिशोब असतो की वकिलाची फीच भांडणाच्या रकमेपेक्षा जास्त होईल. पण असल्या वादाला वकील लागतच नाही. आणि ज्या कामाचे तुम्ही ५ लाखांपर्यंत पैसे दिलेत त्याच्या तक्रारीला फी सुद्धा शून्य आहे. हेच लोकांना माहिती नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

अमेरिकेत असल्या लहान रकमेच्या भांडणांसाठी स्मॉल क्लेम्स कोर्ट असतं. आपल्याकडं तेच काम जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग करतो. जुन्या लोकांच्या तोंडात अजून "ग्राहक मंच" आहे, तोच हा. कायदा ग्राहक संरक्षण कायदा २०१९, लागू झाला जुलै २०२० मध्ये. जिल्हा आयोगाकडं ५० लाखांपर्यंतच्या सेवेचा वाद जातो, म्हणजे गाडी दुरुस्तीचं जवळपास सगळंच आलं. सोलापूरचा आयोग अख्ख्या जिल्ह्याचा, त्यामुळं बार्शी, पंढरपूर, करमाळा, अक्कलकोट, सांगोला, कुठलेही असा, तक्रार इथंच. आणि समजा गाडी पुण्यात दुरुस्त केली पण तुम्ही राहता सोलापुरात, तरी तक्रार सोलापुरात करता येते, कलम ३४ मध्ये तक्रारदार जिथं राहतो किंवा कामधंदा करतो तिथं दाद मागायची सोय आहे. बिलाच्या मागं बारीक अक्षरात "वाद पुणे न्यायक्षेत्रात" छापलेलं बघून गप्प बसू नका.

एक गोष्ट आधी बघून घ्या, तुम्ही कायद्याच्या भाषेत ग्राहक आहात का. घरची गाडी असेल तर प्रश्नच नाही. रिक्षा, टॅक्सी, छोटा टेम्पो तुम्ही स्वतः चालवता आणि त्यावरच घर चालतं, तर तुम्ही पण ग्राहक. पण गाडी कारखान्याच्या किंवा ट्रान्सपोर्टच्या नावावर आहे, ड्रायव्हर पगारी आहे, अशा चार-पाच गाड्या पळतात, तर समोरचा पहिल्याच उत्तरात "हा व्यावसायिक वापर आहे" म्हणून अडवणार. तिथं मात्र आधी कुणा जाणकाराला विचारा.

मुदत २ वर्षं. ज्या दिवशी वादाचं कारण घडलं तिथून मोजायची. उशिराचं सबळ कारण असेल तर माफ होतं पण त्या भरवशावर बसू नका, गॅरेजवाला "बघू, करू, पुढच्या आठवड्यात या" म्हणत म्हणतच वर्ष घालवतो.

आता खरं काम. माझं अगदी ठाम मत आहे की ही केस आयोगात जिंकत नाहीत, ती गॅरेजच्या दारातच जिंकतात किंवा घालवतात. कागद असेल तर साधा माणूस पण भारी पडतो आणि कागद नसेल तर मोठा वकील पण हात टेकतो.

समजण्यासाठी एक उदाहरण धरून चालू. होटगी रोडला राहणाऱ्या एका माणसाची डिझेल गाडी, एप्रिलचं ऊन, तुळजापूरच्या घाटात टेंपरेचरचा काटा वर गेला. गॅरेजनं सांगितलं हेड गॅस्केट गेलंय, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण (हेड) यांच्यामधलं सील. हेड उतरवलं, लेथवाल्याकडनं फेसिंग (घासून सपाट) करून आणलं, गॅस्केट नवीन टाकलं, बिल ३४,०००. दोन-तीन आठवड्यात परत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी व्हायला लागलं आणि गाडी परत गरम.

सगळ्यात आधी जॉब कार्ड (गाडी घेताना गॅरेज भरतं तो कामाचा कागद) काढा आणि नीट वाचा, वाचतच नाही ओ कुणी. वर तारीख, किलोमीटर, टाकीत डिझेल किती ते. मग ग्राहकाची तक्रार लिहायचा रकाना असतो, तिथं काय लिहिलंय? तुम्ही तोंडानं सांगितलं "इंजिन गरम होतंय, कूलंट कमी होतंय" आणि त्यानं लिहिलं "जनरल चेकअप", तर पुढं तो म्हणणार आम्हाला हे सांगितलंच नव्हतं. त्यामुळं गाडी देतानाच तो रकाना आपल्या शब्दात भरून घ्या आणि कार्डाचा फोटो तिथंच उभं राहून काढा. अंदाजे खर्च लिहिलाय का, वाढीव कामाला तुमची परवानगी घेतली का, खाली तुमची सही कुठं कुठं आहे, हे पण बघा. रस्त्याकडेच्या गॅरेजात जॉब कार्ड नसतंच, तिथं आपणच व्हॉट्सअपला मेसेज टाकायचा, "दादा गाडी आज दिली, इंजिन गरम होतंय, तुम्ही हेड गॅस्केट सांगितलंय, अंदाजे ३० हजार, बरोबर ना?" त्यानं नुसतं "हो" किंवा अंगठा पाठवला तरी तुमच्याकडं कागद झाला.

बिल मागाच. "जीएसटी लावून बिल पाहिजे का बिनबिलाचं करू" याला भुलू नका, चार पैसे वाचतात पण पुरावा जातो. मागूनही बिल किंवा पावती दिली नाही तर तीच गोष्ट नव्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून धरलीय, तक्रारीत तो मुद्दा वेगळा लिहायचा. बिल नसेल तर फोनपे-गूगल पेची हिस्ट्री, बँक स्टेटमेंट, फोनवरचे मेसेज हे पण चालतं.

गाडी ताब्यात घेताना बऱ्याच सर्व्हिस सेंटरला एक कागद पुढं करतात, "काम समाधानकारक झाले, गाडी व्यवस्थित मिळाली", याच्यावर सही केल्याशिवाय गेट पास देत नाहीत. काम पटलेलं नसेल तर सही करताना वरच पेनानं लिहा, "काम समाधानकारक नाही, हक्क राखून पैसे देत आहे", तारीख टाका, फोटो काढा. आणि बिलावरनं वाद झाला म्हणून तो गाडी सोडत नसेल तर रात्री जाऊन गाडी उचलून आणायच्या भानगडीत पडू नका. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणं केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा हक्क त्याला आहे, फक्त त्याच कामाच्या पैशासाठी, तुमच्या भावाच्या गाडीच्या उधारीसाठी नाही. त्यामुळं पैसे यूपीआयनं किंवा चेकनं द्या, तेच वाक्य त्याला मेसेज करा, गाडी सोडवा आणि मग भांडा.

काढलेले जुने पार्ट मागून घ्या. पिशवीत घालून वर मार्करनं गाडीचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा.

यानंतरचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे. गाडी परत बिघडली की आपण वैतागून सरळ दुसऱ्याकडं नेतो, तो खोलून दुरुस्त करतो, आणि तिथंच पुरावा संपतो. आधी पहिल्या गॅरेजला लेखी कळवा की तीच तक्रार परत आलीय, अमुक दिवसात बघा नाहीतर मी दुसरीकडं तपासून घेतोय. त्याला संधी दिली हे दिसलं पाहिजे. मग दुसऱ्या गॅरेजमध्ये खोलताना स्वतः उभं राहा. आपल्या उदाहरणात दुसऱ्या मिस्त्रीनं हेड उतरवलं, त्यावर स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवली आणि पट्टीखालून फिलर गेजचं (फट मोजायच्या साधनाचं) पातळ पान आरपार सरकवून दाखवलं. म्हणजे हेड वाकडंच होतं, फेसिंग झालंच नव्हतं किंवा धड झालं नव्हतं, आणि पहिल्या बिलात मात्र फेसिंगचे पैसे लावलेले. हा एक व्हिडिओ, पट्टी, गेज आणि इंजिन नंबर त्यात एकत्र दिसतील असा, तुमच्या दहा पानी तक्रारीपेक्षा जास्त बोलतो. वर पहिल्या गॅरेजकडं लेथवाल्याची पावती मागा. असती तर त्यानं आधीच दाखवली असती.

आता अडचण अशी की एक मिस्त्री दुसऱ्याविरुद्ध लिहून द्यायला तयार होत नाही, सगळे एकाच लाइनीतले, उद्या पार्ट मागायला एकमेकांकडंच जातात. म्हणून त्याला "चूक कुणाची ते लिहा" असं म्हणूच नका. फक्त गाडी कोणत्या अवस्थेत आली, काय मोजलं, काय सापडलं, काय केलं, एवढंच लेटरहेडवर लिहून मागा, ते बहुतेक जण देतात. रक्कम मोठी असेल, इंजिनच बसलं असेल, तर लायसन्सवाला मोटर सर्व्हेअर किंवा एखाद्या तंत्रनिकेतनातले मेकॅनिकलचे प्राध्यापक यांच्याकडनं तपासणी अहवाल घ्या. दुरुस्तीच्या केसमध्ये "तज्ज्ञाचा अहवाल कुठंय" हा प्रश्न हमखास येतो आणि तो नाही म्हणून चांगल्या चांगल्या तक्रारी पडतात.

मग १९१५ ला फोन लावा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. ते कंपनीला तक्रार पाठवतात. मोठ्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर असेल तर कधी कधी इथंच मिटतं, कारण वरनं फोन येतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजवर त्याचा फार परिणाम होत नाही पण तक्रार नंबर मिळतो, तो जपून ठेवा.

तिथं काही झालं नाही तर नोटीस. कायद्यानं सक्ती नाही, पण पाठवाच, निम्मी भांडणं नोटिशीवरच मिटतात असा माझा अनुभव आहे. वकिलाच्या लेटरहेडवरच पाहिजे असं काही नाही, साध्या कागदावर पण चालते. साधारण अशी:

"मी दि. ____ रोजी माझी गाडी क्र. एमएच १३ ____, किलोमीटर ____, इंजिन गरम होत असल्याच्या तक्रारीसाठी आपल्याकडे दिली. आपण हेड गॅस्केट बदलून व हेड फेसिंग करून बिल क्र. ____ अन्वये ३४,००० रुपये घेतले. दि. ____ पासून पुन्हा तीच तक्रार सुरू झाली. दि. ____ रोजी लेखी कळवूनही आपण काम करून दिले नाही. दुसरीकडे तपासणी केली असता हेडचे फेसिंग झालेले नसल्याचे आढळले. ही सेवेतील त्रुटी आहे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत बिलाची रक्कम व पुढील दुरुस्तीचा खर्च परत करावा, अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दाद मागावी लागेल व त्या खर्चाची जबाबदारी आपली राहील."

यात शिव्या नाहीत, "तुम्ही चोर आहात" नाही, धमकी नाही. तारखा आणि रकमा, बास. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती आणि पोस्टाच्या साइटवरचा पोचल्याचा रिपोर्ट दोन्ही प्रिंट काढून ठेवा, आणि तीच नोटीस व्हॉट्सअपला पण टाका.

नाव कुणाचं घालायचं इथं बरेच जण अडकतात. बोर्डावर एक नाव, बिलावर दुसरं आणि पैसे गेले तिसऱ्याच्या खात्यात. बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून शोधलं की धंद्याचं कायदेशीर नाव आणि तो एकट्याचा आहे, भागीदारी आहे की कंपनी, ते फुकटात दिसतं. तेच नाव घाला. वॉरंटीतला पार्ट खराब निघाला असेल तर गाडी बनवणाऱ्या कंपनीलाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर दोघं एकमेकांकडं बोट दाखवत बसतात.

तक्रार अर्ज मराठीत लिहा, परिच्छेदांना नंबर द्या. तुम्ही कोण, ते कोण, गाडी कधी दिली, काय ठरलं, काय झालं, कधी कळवलं, त्यांनी काय उत्तर दिलं, मुदतीत आहे, या आयोगाच्या हद्दीत आहे, आणि शेवटी मागणी. प्रत्येक वाक्याच्या मागं एक कागद पाहिजे, "निशाणी ३ पाहा" (जोडलेला कागद क्रमांक ३) असं. मागणीत खरा खर्च धरा: पहिलं बिल किंवा त्यातलं वाया गेलेलं काम, दुसऱ्या गॅरेजचं बिल, टोचन करून आणल्याची पावती, त्या दिवसांत रिक्षा-भाड्याच्या गाडीला गेलेले पैसे जर पावत्या असतील तर, या सगळ्यावर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. ३४ हजाराच्या कामाला "मानसिक त्रासाचे ५ लाख" मागू नका, वाचणाऱ्याचा तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचा पण विश्वास जातो. मानसिक त्रासाची रक्कम आयोग साधारण माफकच देतो.

सोबत शपथपत्र, कागदपत्रांची यादी, सगळ्या पानांना नंबर. व्हॉट्सअपचे स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ लावताय तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा, की हे अमक्या फोनमधून काढलंय आणि छेडछाड केलेली नाही. जुने वकील त्याला अजून जुन्या पुरावा कायद्यातल्या कलमावरनं ६५ बी म्हणतात. मूळ मेसेज फोनमधून उडवू नका आणि फोन बदलायचा असेल तर बॅकअप घ्या.

दाखल ऑनलाइन करायची, ई-जागृती पोर्टलवर, ते १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालंय, त्याआधी ई-दाखिल होतं. मोबाइल नंबरनं खातं उघडायचं, जिल्हा आयोग सोलापूर निवडायचा, पीडीएफ चढवायच्या. स्कॅन स्वच्छ ठेवा, तिरपे फोटो काढून पाठवले की त्रुटी काढून परत येतं. छापील संच पण लागतात, आयोगाला ३ आणि जितके विरुद्ध पक्ष तितके जास्तीचे असा हिशोब धरा आणि तिथल्या फाइलिंगच्या टेबलवर एकदा विचारून घ्या. तिथले कारकून रागावत नाहीत, नवीन माणूस आहे म्हटलं की नीट सांगतात. ज्यांना लिहिणं अजिबात जमणार नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जावं, महिलांना उत्पन्न कितीही असो मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नवाल्यांना पण. तिथंच लोकअदालतीत तडजोडीची पण सोय असते, फक्त लक्षात ठेवा, लोकअदालतीत मिटलं की ते अंतिम, त्यावर अपील नाही.

दाखल झाल्यावर आयोग आधी बघतो की तक्रार घेण्यासारखी आहे का, त्याला २१ दिवस धरलेत. मग समोरच्याला नोटीस जाते. त्याला उत्तराला ३० दिवस, फार तर अजून १५. ४५ च्या पुढं नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये जुन्या कायद्याच्या वेळीच पक्कं केलंय. म्हणून ४५ दिवसांनंतर तो उत्तर घेऊन आला तर तुम्ही उभं राहून हरकत घ्या, आपणहोऊन कुणी घेणार नाही.

तारखेला गेलात की घाबरायचं काही नाही. सिनेमातल्यासारखी उलटतपासणी सहसा नसते, सगळं शपथपत्र आणि कागदांवर चालतं. पुकारा झाला की उभं राहायचं, नमस्कार करायचा, "तक्रारदार स्वतः हजर" म्हणायचं, विचारलं तेवढंच सांगायचं. गैरहजर राहू नका, दोन-तीन तारखा चुकल्या की तक्रार निकाली निघू शकते. लांबच्या तालुक्यातनं येणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सनं हजर राहायचा अर्ज करता येतो. शेवटी लेखी युक्तिवाद द्या, दोन-तीन पानांचा, तारीखवार. कायद्यात ३ महिने लिहिलेत आणि तपासणी लागली तर ५, प्रत्यक्षात त्यापेक्षा जास्त लागतात, त्या तयारीनंच उतरा.

मधेच मध्यस्थीचा विषय निघतो. नाही म्हणू नका, पण तोंडी तडजोड मान्य करू नका. "परत फुकट करून देतो" यापेक्षा रोख परतावा चांगला, ज्यानं एकदा हेड वाकडं बसवलं त्याच्याच हातात गाडी परत द्यायची म्हणजे भांडणाला परत सुरुवात. रक्कम, तारीख, चेक की ट्रान्सफर, सगळं लिहून दोघांच्या सह्या. पैसे खात्यात आल्याशिवाय तक्रार मागं घेऊ नका.

निकाल तुमच्या बाजूनं लागला तर त्यात किती दिवसात पैसे द्यायचे ते लिहिलेलं असतं. समोरच्याला अपील करायचं तर ४५ दिवसात राज्य आयोगाकडं, आणि आधी निकालाच्या रकमेतले ५० टक्के भरून. तुमच्या विरुद्ध गेला तर तुम्हालाही तेच ४५ दिवस. त्यानं पैसे पण दिले नाहीत आणि अपील पण केलं नाही, तर त्याच आयोगात वसुलीचा अर्ज करायचा, कलम ७१ प्रमाणं दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली होते. कलम ७२ त्याहून कडक, आदेश पाळला नाही तर १ महिना ते ३ वर्षं कैद, किंवा २५ हजार ते १ लाख दंड, किंवा दोन्ही. बहुतेक जण ७२ ची नोटीस हातात पडली की पैसे घेऊन हजर होतात, त्या वेळी पण रोख घेऊ नका, खात्यावर घ्या आणि आयोगात पूर्ण रक्कम मिळाल्याची पुरसिस (तसं लेखी निवेदन) देऊन फाइल बंद करून घ्या.